माळेतला बारीक बल्ब न फोडता कसा काढायचा: चिमटा, शंट आणि अंधारलेल्या माळेचा तपास

सजावटीच्या माळेतले बारीक बल्ब जळून जातात त्याहून जास्त ते काढताना फुटतात. काच जेमतेम साडेपाच मिलिमीटर रुंद, वरून गुळगुळीत आणि शेंड्याला टोकदार. चिमटीत धरली की बोटं घसरतात, मग माणूस आणखी दाबून धरतो, थोडा पीळ देतो आणि कट्कन आवाज येतो. काच हातात आणि बूड होल्डरमध्येच.

यासाठी हातात मावणारं एक छोटं हत्यार मिळतं. पाकिटावर ‘बल्ब पुलर’ असं लिहिलेलं असतं, आपण त्याला चिमटाच म्हणू. त्याचं काम एकच: ओढ काचेवरून काढून बुडाच्या कडेवर नेणं. हे कळलं की चिमटा नसतानाही काम भागतं. हे न कळता चांगल्यातला चिमटा आणला तरी काचा फुटतच राहतात, कारण मग तो चिमटाही काचेवरच लावला जातो.

बल्ब अडीच व्होल्टचा, पण होल्डर नाही

हात लावण्याआधी ही गोष्ट नीट समजून घ्या. या माळा सिरीजमध्ये जोडलेल्या असतात, म्हणजे वीज एका बल्बातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी जाते. पुरवठा १२० व्होल्टचा आणि बल्ब ५० असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला २.४ व्होल्ट येतात, म्हणून बल्ब अडीच व्होल्टचे बसवतात. २३० व्होल्टवर तेच बल्ब १०० लागतात. यावरून पुष्कळांना वाटतं की एवढ्याशा बल्बला हात लावला तर काय होणार आहे!

बल्ब बसलेला असताना त्याच्या दोन टोकांमध्ये अडीच व्होल्टच असतात, हे खरं. पण तो काढला की सर्किट तुटतं आणि प्रवाह थांबतो. प्रवाह नाही म्हणजे बाकीच्या बल्बांवर व्होल्टेज पडतच नाही आणि सगळं येऊन त्या एका फटीवर बसतं. रिकाम्या होल्डरच्या दोन पत्र्यांमध्ये तेव्हा पुरवठ्याचे पूर्ण १२० किंवा २३० व्होल्ट असतात. त्या फटीत धातूचं टोक किंवा बोट घालणं म्हणजे सरळ भिंतीवरच्या सॉकेटमध्ये घालणं.

म्हणून बल्ब काढायचा किंवा बसवायचा तो पिन सॉकेटमधून उपसूनच. नुसतं बटण बंद करून भागत नाही. दोन काड्यांची पिन उलटसुलट कशीही बसते आणि बटण नेमकं कुठल्या तारेवर आहे हे बाहेरून दिसत नाही. पिन काढा, ती डोळ्यांसमोर ठेवा आणि मगच चिमटा हातात घ्या. माळ बराच वेळ पेटलेली असेल तर दोन-चार मिनिटं गार होऊ द्या.

एक बल्ब गेला तर सगळी माळ का जात नाही, आणि कधीकधी का जाते

सिरीजचा नियम पाहिला तर एक तंतू तुटला की सगळी माळ विझायला हवी. पण तसं बहुतेक वेळा होत नाही, ते शंटमुळे. बल्ब उजेडाकडे धरून पाहिलात तर तंतूच्या खाली, दोन आधारतारांभोवती गुंडाळलेली एक अगदी बारीक तार दिसेल. तोच शंट. त्या तारेवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तो वीज जाऊ देत नाही. तंतू तुटला की वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण व्होल्टेज त्या एकाच बल्बवर येतं, तेवढ्या दाबाला तो थर टिकत नाही, शंट जोडला जातो आणि बाकीची माळ पेटती राहते. मेलेला बल्ब तेवढा काळा दिसतो.

मग पूर्ण माळ किंवा तिचा एक भाग अंधारतो तो कशामुळे? कारणं तीन-चारच आहेत. बल्ब होल्डरमध्ये सैल बसलाय. बल्बच्या बुडाशी दुमडलेल्या दोन तारांपैकी, म्हणजे त्याच्या पायांपैकी, एक तुटलाय. होल्डरच्या आतला पत्रा गंजलाय. किंवा तंतू तुटला, पण शंटचा थर फुटलाच नाही. पहिल्या तीन कारणांत शंटचा काही उपयोग नाही, कारण बल्बपर्यंत वीज पोचतच नाही. तंतू शाबूत असलेला, अगदी चांगला बल्बसुद्धा अख्खी माळ बंद पाडू शकतो तो असा. बल्ब काळा पडलेला नाही म्हणून त्याला निर्दोष समजू नका.

चिमटा निवडताना

बाजारात साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला सपाट प्लॅस्टिकचा, टोकाला ‘व्ही’ किंवा ‘यू’ आकाराची खाच असलेला. ही खाच बुडाच्या कडेखाली सरकवायची आणि दांडी दाबून बल्ब उचकटायचा. दुसरा पकडीसारखा, दोन वाकडे जबडे असलेला; तो बुडाला दोन्ही बाजूंनी धरतो आणि सरळ वर ओढतो. तिसरा पिस्तुलाच्या आकाराचा. त्यात बल्ब काढायची खाच तर असतेच, शिवाय बल्ब आणि फ्यूज तपासायच्या जागा, तारेत वीज आहे का ते तारेला न टेकता सांगणारा टेस्टर, आणि गॅस-लायटरसारखा पीझो खटका असतो. खटक्याचं काम पुढे येईल.

मला विचाराल तर रोजच्या कामाला पहिलाच पुरतो. फक्त त्याची जीभ पातळ हवी. बुडाची कड आणि होल्डरचं तोंड यांच्यातली फट मिलिमीटरभराची असते आणि जाड जीभ तिथे शिरतच नाही. मग माणूस ती वर सरकवतो आणि पुन्हा काचेवरच जोर येतो. माळेसोबत जादा बल्बांची पुडी येते, त्यातला एक घेऊन खाच त्याच्या बुडाखाली कशी बसते ते पाहा. खाच काचेपेक्षा रुंद पण बुडाच्या कडेपेक्षा अरुंद असली पाहिजे. कड खाचेतून निसटून खाली जात असेल तर तो चिमटा तुमच्या माळेचा नव्हे. या माळांचे होल्डर एकसारखे नसतात, प्रत्येक बनवणाऱ्याचं बूड थोडं वेगळं, त्यामुळे ‘सगळ्यांना चालतो’ या छापील वाक्यावर फार विसंबू नये.

पकडीचा प्रकार घट्ट बसलेल्या बल्बांना बरा, पण हात जड असेल तर जबडे बुडाला चिरडतात. पिस्तूल घ्यायचं ते माळा खूप असतील तरच.

काहीच हाताशी नसेल तर जुन्या कडक प्लॅस्टिक कार्डाच्या कोपऱ्याला सहा मिलिमीटरची खाच कापा. दहा-बारा बल्बांना ते आरामात पुरतं. बारीक पेचकसही चालतो, पण तो एकाच बाजूने उचलतो, त्यामुळे बल्ब तिरका होऊन पाय तुटतात. सुरी मात्र नको. ती घसरली की तारेचं आवरण कापते.

आधी बल्ब काढू नका

हत्यार हातात आलं की लगेच उपसाउपशी करावीशी वाटते. प्रत्येक वेळी बल्ब काढला-घातला की त्याचे पाय थोडे वाकतात आणि होल्डरचे पत्रे थोडे सैल होतात. चांगल्या माळेतले पन्नास बल्ब एकेक करून काढून बघणं म्हणजे एक दोष शोधताना चार नवे तयार करणं. आधी हे करून पाहा.

पिन काढून माळ पांढऱ्या कापडावर लांब पसरा. रिकामा होल्डर, फुटलेली काच, चिरडलेली तार शोधा. काच आतून काळपट झाली असेल तर तंतू जळालाय, दुधी झाली असेल तर काचेला तडा जाऊन आत हवा शिरलीय. होल्डरच्या तोंडाशी हिरवट किंवा तपकिरी पूड दिसली तर तिथे गंज आहे.

मग फ्यूज. १२० व्होल्टच्या माळांच्या पिनमध्येच बहुधा एक सरकतं दार असतं आणि आत काचेच्या नळीतले दोन बारीक फ्यूज. दार टोकदार वस्तूने सरकवा, फ्यूज बाहेर काढा आणि आतली तार तुटलीय का ते उजेडात पाहा. बदली फ्यूज त्याच अँपिअरचा घाला. पुष्कळ माळांवर ३ अँपिअर लिहिलेलं असतं. नवा फ्यूजही लगेच उडाला तर माळेत कुठेतरी शॉर्ट आहे. तिसरा घालून बघू नका, माळ बाद करा. काही माळांमध्ये पिनमध्ये फ्यूज नसतो, त्याऐवजी पांढऱ्या शेंड्याचा एक ‘फ्यूज बल्ब’ माळेतच असतो. त्याला शंट नसतो आणि तसा तो मुद्दाम केलेला असतो: फार बल्ब मेले की त्याने जळून सगळी माळ बंद करावी. त्याच्या जागी साधा बल्ब घालणं म्हणजे माळेचा फ्यूज काढून टाकणंच.

लाल शेंड्याचा बल्ब वेगळा. तो लुकलुकणारा, आतली दोन धातूंची पट्टी तापली की वाकते आणि सर्किट तोडते, गार झाली की पुन्हा जोडते. माळ अचानक लुकलुकायला लागली म्हणून घाबरण्याआधी कुणी हा बल्ब त्यात घातलाय का ते बघा.

फ्यूज ठीक असेल तर अंधाऱ्या भागातला प्रत्येक बल्ब अंगठ्याने होल्डरमध्ये दाबत जा. काचेच्या शेंड्यावर दाबू नका, बुडाच्या कडेवर दाबा. मग पिन लावा. बऱ्याच माळा इथेच पेटतात आणि चिमट्याला कामच उरत नाही.

दोष कुठे आहे: निम्मं-निम्मं करत जा

अजून अंधारच असेल तर पन्नासातला एक शोधायचा आहे. एकापासून सुरुवात करण्यापेक्षा मधून सुरुवात करा. प्रत्येक पायरीला निम्मे बल्ब गळतात, म्हणून पन्नासांना जास्तीत जास्त सहा पायऱ्या पुरतात.

तारेला न टेकता वीज ओळखणारा टेस्टर असेल तर माळ लावून ठेवा आणि टेस्टरचं टोक अंधाऱ्या भागाच्या मधल्या होल्डरजवळ न्या. तुटलेल्या जागेपर्यंत एका बाजूच्या तारेत वीज असते, पलीकडे नसते. तिथे टेस्टर वाजला तर दोष पुढे, नाही वाजला तर मागे. अडचण अशी की माळेत दोन-तीन तारा एकमेकींत पिळलेल्या असतात आणि शेजारून जाणारी परतीची तारही टेस्टरला वाजवते. तपासायच्या जागी बल्बाची तार बाकीच्यांपासून बोटभर दूर करून मगच टोक न्या. खात्री करायची एक युक्ती आहे: पिन उलटी बसत असेल तर काढून उलटी लावा. आता वीज दुसऱ्या टोकाने शिरते, म्हणून टेस्टर सीमेच्या पलीकडच्या बाजूला वाजतो, पण सीमा त्याच बल्बापाशी राहते. दोन्ही वेळा एकच बल्ब सापडला तर तोच तुमचा माणूस.

टेस्टर नसेल आणि मल्टिमीटर असेल तर पिन काढलेल्या माळेवर काम करा. अंधाऱ्या भागातला मधला बल्ब चिमट्याने काढा. मीटरचं एक टोक होल्डरच्या एका पत्र्याला लावा, दुसरं पिनच्या आधी एका काडीला, मग दुसरीला. नंतर दुसऱ्या पत्र्यावर तसंच. जो पत्रा दोन्हीपैकी एकाही काडीशी जोडलेला दाखवत नाही, त्या पत्र्यातून निघणाऱ्या तारेच्या बाजूला दोष आहे. बल्ब परत घाला आणि त्या बाजूच्या मध्यावर जा.

इथे एक खोच आहे. मीटरच्या ‘बीप’वर विसंबू नका. असा बल्ब पेटलेला असताना साधारण १५ ओहमचा असतो, गार असताना दीड-दोनच ओहमचा. पंचवीस गार बल्बांची रांग झाली की एकूण चाळीस-पन्नास ओहम होतात, आणि काही मीटर एवढ्या ओहमला वाजतच नाहीत. रांग चांगली असूनही ती तुटलीय असं वाटतं आणि शोध उलट्या दिशेला जातो. मीटर ओहमच्या पट्टीवर ठेवा आणि आकडा वाचा.

आता चिमटा

दोषी बल्ब सापडला. पिन बाहेर आहे ना, हे पुन्हा पाहा.

होल्डर डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत धरा, तारा तळहाताकडे. तार धरून बल्ब ओढायचा नाही. होल्डरमधून तार निघाली तर ती घरी परत बसत नाही. मग बल्ब फिरवून बघा, बुडाच्या एका बाजूला छोटी खिट्टी आहे का. काही माळांत बुडाची जीभ होल्डरच्या टोकावर अडकवलेली असते, काहींत होल्डरची जीभ बुडावर येते. खिट्टी असेल तर ती चिमट्याच्या टोकाने किंवा नखाने आधी मोकळी करा. बल्ब निघत नाही म्हणून जी तक्रार असते तिच्या मुळाशी बहुतेक वेळा ही न दिसलेली खिट्टी असते.

खिट्टी मोकळी झाली की चिमट्याची खाच बुडाची कड आणि होल्डरचं तोंड यांच्या फटीत आडवी सरकवा. काच खाचेच्या मधोमध यावी, तिला कुठे टेकू नये. दांडी हलकेच दाबा. बूड केसभर उचललं की थांबा. होल्डर अर्धा फिरवा, समोरच्या बाजूनेही तेवढंच उचला. पुन्हा पहिली बाजू. असं आलटून-पालटून दोन-तीनदा केलं की ‘टक’ असा बारीक आवाज होतो आणि बूड सुटतं. तिथून पुढे ते चिमट्यातच धरून सरळ वर काढा.

पीळ देऊ नका. हे बल्ब आट्यांचे नसतात, नुसते दाबून बसवलेले असतात. बुडाला एक खाच किंवा कणा असतो आणि तो होल्डरमध्ये एकाच दिशेने बसतो, त्यामुळे फिरवलं की आतले पाय पिळवटतात.

बल्ब हलतच नसेल तर आत धूळ किंवा गंज धरलाय. तेल टाकू नका; ते पत्र्यांवर पसरतं आणि आणखी धूळ ओढतं. इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर एक फवारा मारा, पूर्ण सुकू द्या, मग पुन्हा आलटून-पालटून.

काच आधीच फुटली असेल तर बोटं लांब ठेवा. डोळ्यांवर चष्मा, खाली कागद, आणि टोकदार नाकाच्या पक्कडीने बुडाची कड पकडून सरळ ओढा. आतल्या तारा पकडल्या तर त्या तुटून बूड तसंच राहतं.

बाहेर आलेल्या बल्बाकडे नीट बघा

लगेच कचऱ्यात टाकू नका. बुडाच्या खालून दोन पाय निघतात आणि दोन्ही बाजूंनी वर दुमडलेले असतात. होल्डरचे पत्रे त्यांनाच टेकतात. एक पाय बुडाखाली सरकलाय, दोन्ही एकमेकांना चिकटलेत किंवा एक अर्ध्यात तुटलाय, असं बरेचदा दिसतं. नुसता वाकला असेल तर सरळ करून पुन्हा बाजूला दुमडा आणि तोच बल्ब परत बसवा. पायांवर काळपट थर असेल तर बारीक पॉलिश पेपरने एकदाच हलकेच घासा. ही तार केसाइतकी बारीक असते.

होल्डरच्या आतही टॉर्च मारून बघा. पत्रा आत दबला असेल तर लाकडी टूथपिकने थोडा मध्ये आणा. पत्रा वितळल्यासारखा किंवा प्लॅस्टिक करपल्यासारखं दिसलं तर दुरुस्ती तिथेच थांबवा.

नवा बल्ब: व्होल्टेजचा हिशोब

बारीक बल्ब बाहेरून सगळे सारखे दिसतात आणि तिथेच फसगत होते. २.५, ३.५, ६ आणि १२ व्होल्टचे बल्ब एकाच आकारात मिळतात. कुठला हवा ते पिनजवळच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. चिठ्ठी गेली असेल तर हिशोब सोपा आहे: पुरवठ्याचे व्होल्ट भागिले एका सिरीजमधले बल्ब. १२० ला ३५ ने भागलं की सुमारे ३.४, म्हणजे साडेतीनचा बल्ब. २३० ला २० ने भागलं की ११.५, म्हणजे बाराचा. २३० ला ४० ने, म्हणजे सहाचा.

पण भाजक माळेतले एकूण बल्ब नव्हे. १२० व्होल्टवर चालणाऱ्या १०० बल्बांच्या माळेत बहुधा ५०-५० च्या दोन सिरीज शेजारी-शेजारी असतात, म्हणूनच कधीकधी निम्मीच माळ विझते. चालू माळेत हे मोजायचं असेल तर पिन काढून एक बल्ब उपसा, पिन लावा आणि किती बल्ब विझले ते मोजा. काढलेला बल्बही मोजणीत धरा. तेवढ्या वेळात रिकाम्या होल्डरला हात लावायचा नाही, कारण वर आलंच आहे. अडॅप्टरवर चालणाऱ्या माळेत पुरवठा म्हणजे अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट.

व्होल्टेज जुळलं तरी अँपिअर वेगळे असले की बल्ब विजोड दिसतो. सिरीजमध्ये सगळ्यांतून एकच प्रवाह जातो, त्यामुळे कमी अँपिअरचा बल्ब भगभगून लवकर जळतो आणि जास्त अँपिअरचा मिणमिणतो. माळेसोबतची पुडी जपून ठेवायची ती याचसाठी.

काच जुळते पण बूड जुळत नाही, हे तर नेहमीचंच. मग बूड जुनं ठेवा. जुन्या बल्बाचे पाय सरळ करा, काच वरून अलगद ओढून बुडातून काढा, नव्या काचेचे पाय त्याच दोन भोकांतून खाली ओवा, ताणून एकेक बाजूला वर दुमडा. एका भोकात दोन्ही पाय गेले तर शॉर्ट झालाच म्हणून समजा.

बसवताना बुडाचा कणा होल्डरच्या खाचेसमोर आणा, दोन्ही पाय बाजूंना चिकटून आहेत ना ते पाहा आणि कड होल्डरला टेकेपर्यंत बुडावर दाबा. खिट्टी लावा. मग पिन.

मेलेले बल्ब तसेच ठेवू नयेत

माळ पेटतेय, पाच काळे बल्ब आहेत, राहू दे की, असं वाटणं साहजिक आहे. पण ५० च्या माळेत पाचांचे शंट जोडले गेले की १२० व्होल्ट ४५ बल्बांत वाटले जातात. प्रत्येकाला २.४ ऐवजी जवळपास २.६७, म्हणजे ११ टक्के जास्त. तंतूच्या बल्बाचं आयुष्य व्होल्टेज वाढलं की फार झपाट्याने घटतं. ११ टक्क्यांनी ते साधारण पाव होतं. मग सहावा जातो, सातवा त्याहून लवकर, आणि शेवटचे तर एकापाठोपाठ उडतात. दोन-तीन काळे दिसले की त्याच दिवशी बदला.

पीझोचा खटका कधी ओढायचा

पिस्तुलाच्या आकाराच्या चिमट्यातला खटका फक्त एका दोषावर चालतो: शंटचा थर न फुटणं. अंधाऱ्या भागातला एक बल्ब काढायचा, तो होल्डर पिस्तुलाच्या जागेत खोचायचा, मग माळ लावायची आणि खटका दहा-वीस वेळा ओढायचा. प्रत्येक ओढीला उच्च दाबाचा एक झटका माळेतून जातो आणि अडलेल्या शंटचा थर फोडतो. माळ पेटली की जो बल्ब काळाच राहिला तो गुन्हेगार. पिन काढा, तो बदला आणि पिस्तुलातला होल्डर सोडवून त्याचा बल्ब परत घाला. वीस वेळा ओढूनही काही झालं नाही तर ओढत बसू नका. तुटलेली तार किंवा गायब पाय याने जोडला जात नाही.

एलईडी माळेवर तंतूच्या माळेचा हा खटका वापरू नये. असे झटके एलईडीला सोसत नाहीत.

एलईडी आणि आट्यांचे बल्ब

पुष्कळ एलईडी माळांत बल्ब होल्डरला कायमचे चिकटवलेले असतात. तिथे फटच नसते आणि चिमट्याने उचकटायला गेलं की होल्डर फाटतो. फट दिसली तरच प्रयत्न करा. निघणारा असेल तर तो कुठल्या बाजूने बसला होता ते काढण्याआधी पेनाने खुणवा. एलईडीला दिशा असते, उलटा घातला तर पेटत नाही. बाहेर लावलेल्या एलईडी माळांत एलईडी शाबूत आणि पाय गंजून तुटलेला, हेच जास्त आढळतं.

सी-७ आणि सी-९ म्हणून ओळखले जाणारे मोठे बल्ब आट्यांचे असतात, त्यांच्या टोप्या अनुक्रमे ई-१२ आणि ई-१७ मापाच्या. त्यांना हा चिमटा लागत नाही. पिन काढा, रबरी हातमोजा घाला आणि डावीकडे फिरवा. उंचावरच्या बल्बांसाठी काठीच्या टोकाला रबरी वाटी असलेलं साधन मिळतं.

माळ केव्हा सोडून द्यायची

तारेचं आवरण कडक होऊन तडकलंय, एकाहून जास्त होल्डर करपलेत किंवा फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय, यातलं काहीही असलं तर बल्ब बदलत बसू नका. तारेला चिकटपट्टी गुंडाळून अशी माळ वापरात ठेवणं धोक्याचं आहे. टाकण्याआधी तिच्यातले चांगले बल्ब चिमट्याने काढून घ्या आणि व्होल्टेज लिहिलेल्या पाकिटात ठेवा. तशाच दुसऱ्या माळेला ते उपयोगी पडतील, आणि चिमट्याची खाच बुडाखाली कशी बसवायची याचा हातही त्यावरच बसवता येईल.